ओतिलियाच्या दगडाचं पाणी

आमच्या डोंगरावरच्या लास तोस्कास गावच्या माणसाला खाली बंदरात गेल्यावर पत्ता सांगावा लागत नाही. तोंड उघडलं की झालं. अठरा वर्षांचा असताना मी पहिल्यांदा बँकेत खातं उघडायला गेलो, नुसतं नमस्कार म्हणालो, तर काचेपलीकडची बाई फॉर्मकडे न बघताच म्हणाली, "वरच्या तोस्कासचा ना रे तू?" आमच्या सगळ्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, कुणाचे फिके, कुणाचे चांगले गडद. खालचे लोक आम्हाला कॉफीदाते म्हणतात. आमच्या आज्या-पणज्यांना वाटायचं की हे रक्तातच आहे. ते नळात होतं.

आमचं पाणी डोंगराच्या पोटातून येतं. तेइदे डोंगराच्या अंगात आमच्याच माणसांनी सुरुंग लावून लावून तीन किलोमीटर बोगदा खणला, तेव्हा कुठे ते सापडलं. ज्वालामुखीच्या पोटातलं पाणी ते, येताना तिथलं सगळं घेऊन येतं. जड तर इतकं की साबणाला फेस येत नाही, कॉफीच्या भांड्याला महिन्याभरात पांढरं कवच चढतं आणि चणे दुपारपर्यंत शिजत ठेवले तरी दाताखाली कचकच लागतात. या पाण्याला बाहेरच्या कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. हे पाणी नसतं तर खालच्या केळीच्या बागा नसत्या आणि आम्हीही नसतो. पण त्यात फ्लोराइड आहे, आणि ते लहान मुलांचे दात खराब करतं, हेही खरंच. मला ते माहीत असायलाच हवं, कारण मी नगरपालिकेचा पाणीवाला आहे. सत्तावीस वर्षं झाली, दर मंगळवारी नळानळाला बाटली लावतो आणि आकडा लिहून घेतो.

सांगायचं आहे ते दोन्या ओतिलियाबद्दल, दोन्या हे आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात. बाई ठेंगणी, रुंद, आवाज तीन गल्ल्या ऐकू जाईल असा. एकोणतीस वर्षं तिने खालच्या गोदामात उभं राहून केळीचे घड धुतले आणि खोक्यांत भरले. नवरा सिरिलो बोगद्यात कामाला होता. तिथल्या धुळीने त्याची छाती गेली आणि मग तोही गेला. त्यामुळे या पाण्याबद्दल बोलताना ती "आमच्या सिरिलोचं पाणी" असंच म्हणायची, जणू त्यानेच ते घरून नेऊन डोंगरात ठेवलं होतं.

तिच्या ओसरीत हिरव्या रंगाचं एक लाकडी कपाट होतं, आणि त्यात पाण्याचा दगड. पूर्वी हा दगड आमच्याकडे घरोघरी असे. सच्छिद्र दगडाची खोलगट कुंडी, तिच्यात वरून पाणी ओतायचं, ते दगडातून झिरपून खाली मातीच्या माठात थेंब थेंब पडत राहतं. दगडाच्या अंगावर नेचे उगवतात, आणि ते हिरवे असले म्हणजे घरची बाई व्यवस्थित आहे असं समजायचं. फ्रीज आले तसे लोकांनी दगड अंगणात नेऊन त्यात फुलझाडं लावली. ओतिलियाने नाही लावली. दर शनिवारी ती दगड साबणाशिवाय, नुसत्या ब्रशने घासायची. त्यावर साठलेला पांढरा थर सुरीने खरवडून तळहातावर घ्यायची आणि जो कुणी रस्त्याने जात असेल त्याला थांबवून दाखवायची. "बघ. हे सगळं तुमच्या पोटात जाणार होतं."

ती काही वेडी नव्हती. दगडातून उतरलेलं ते पाणी खरंच हलकं लागायचं. त्यात चणे निम्म्या वेळात शिजायचे, कॉफी कडवट व्हायची नाही, आणि उन्हाळ्यातही ते असं गार असायचं की घसा सुखावून जाई. आमच्यात रीतच पडली होती की तान्ह्याला पाणी सुरू करायचं ते ओतिलियाच्या माठातलं. ती स्वतः एनॅमलच्या मगात घेऊन यायची, चमच्याने पाजायची, आणि पोर तोंड वाकडं न करता प्यायलं की आईपेक्षा तीच जास्त खूष व्हायची. मलाही तिनेच पाजलं होतं. आजारी माणसाला, बाळंतिणीला, मरणाऱ्याला सुद्धा तेच पाणी.

आता तिचा जीव कशात होता ते सांगतो. तिची मुलगी गोरेती दक्षिणेकडच्या एका हॉटेलात कामाला लागली. हुशार पोरगी, जर्मन आणि इंग्रजी दोन्ही शिकलेली, स्वागतकक्षासाठी अर्ज केला होता. मुलाखतीत ती हसली. साहेब म्हणाले, तुम्ही मागच्या बाजूला जास्त शोभाल. तेव्हापासून गोरेती चादरी धुते. ओतिलियाने हे ऐकलं त्या दिवशी ती जेवली नाही. आणि गोरेतीला मुलगी झाली, नाइरा, तेव्हा ओतिलियाने सगळ्या गल्लीदेखत सांगितलं की या पोरीचे दात मी पांढरे ठेवीन. देवाला नवस वगैरे नाही, सरळ जबाबदारी घेतली. गोरेती आठवडाभर दक्षिणेत राहायची, त्यामुळे नाइरा आजीकडेच वाढत होती.

त्याच सुमारास नगरपालिकेची नोटीस निघाली. आठ वर्षांखालच्या मुलांनी नळाचं पाणी पिऊ नये, त्यांचा स्वयंपाकही त्यात करू नये, दात रंगतात. ती नोटीस मीच चिकटवली, चर्चच्या दारावर, दुकानात, शाळेत. ओतिलियाने चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि सुटकेचा श्वास सोडला. "आमची नाइरा नळाचं पाणी पितच नाही," ती म्हणाली. "दगडाचं पिते." गोरेतीचे दात बिघडले ते ती लहानपणी शाळेत नळाला तोंड लावायची म्हणून, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या आया ओतिलियाच्या दारात. एक दगड पुरेना म्हणून तिने एका पडक्या घरातून दुसरा उचलून आणला. सकाळी तिच्या ओसरीच्या कठड्यावर पोरांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असत, प्रत्येकीवर नाव. पहाटे उठून ती नळाच्या बादल्या दगडात ओतायची. कुणाकडून काही घ्यायची नाही. घेतलंच तर वाटीभर भाजलेलं पीठ, नाहीतर बकरीच्या चीजचा तुकडा. तिला त्या दिवसांत मी जितकं आनंदात पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मी एक बाटली भरली. कुणी सांगितलं नव्हतं. मंगळवारी तिच्या नळाचा नमुना घेतला, तसा सहज दगडाखालच्या माठातलाही घेतला. मनात खरं तर असं होतं की चांगला आकडा येईल आणि तो कागद तिला दाखवीन, म्हणजे म्हातारी नाचेल. आठवड्याने प्रयोगशाळेतून कागद आला. जडपणा एक तृतीयांशाने कमी. फ्लोराइड, जे दीडच्या वर नको असतं, ते नळात तीन पूर्णांक एक, माठात तीन पूर्णांक दोन.

मी तो आकडा तीन वेळा वाचला. मग जरा डोकं चालवलं तेव्हा कळलं की यात नवल काही नाही. दगड अडवतो तो चुना आणि गाळ, जो पांढरा थर होऊन त्याच्या अंगावर बसतो. फ्लोराइड पाण्यात विरघळलेलं असतं, पाणी जिथून जाईल तिथून तेही जातं. उलट झिरपताना थोडं पाणी उडून जातं, म्हणून माठात कणभर जास्तच. ओतिलिया तळहातावर जे दाखवायची ते खरं होतं, फक्त दातांचा शत्रू त्यात नव्हता.

कागद मी घडी करून खिशात घातला आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. का ते मला आज धड सांगता येत नाही. तेव्हा मात्र कारणं भरपूर होती. एकदा पुन्हा तपासून बघू. साहेबांना विचारू. साहेब म्हणाले, आपलं काम नळापर्यंत, लोकांच्या दगडांचं आपण काय करणार. मला तेवढंच हवं होतं. खरं कारण असं की मला तिची भीती वाटत होती. तिच्या रागाची नव्हे, तिच्या चेहऱ्याची. दर मंगळवारी ती मला गार पाण्याचा मग हातात द्यायची आणि विचारायची, "काय रे एवेलियो, माझं पाणी पास का?" मी म्हणायचो, पास. जडपणात ते पास होतंच. अर्ध्या खऱ्याच्या आडोशाला माणूस किती दिवस बसू शकतो याचा मला चांगला अनुभव आहे. मी दोन वर्षं बसलो. नाइरा तेव्हा दोन वर्षांची होती, ती चार वर्षांची झाली.

माझं तोंड उघडलं ते माझ्या बायकोमुळे. चारोला सातवा महिना होता. एके दिवशी जेवताना ती म्हणाली की ओतिलियाला आत्तापासून सांगून ठेवायला हवं, बाळाची बाटली कठड्यावर कुठे ठेवायची ते. मी खाली बघून बटाटा सोलत म्हणालो, आपण बाळाला बाटलीबंद पाणी देऊ.

"का?" चारो म्हणाली.

"असंच. बरं असतं."

चारो मासळीबाजारात वाढलेली आहे, शिळा मासा तिला लांबून कळतो. तिने माझ्या हातातला बटाटा काढून घेतला आणि म्हणाली की नीट सांग. मी सांगितलं. कागद कुठे आहे तेही सांगितलं. तिने तो काढून वाचला, तारीख बघितली, आणि घडी करून मेजावर ठेवला. मग म्हणाली, "आपल्या पोरीला बाटलीबंद. आणि नाइरा काय पिते रे?"

मी बटाट्याची सालं गोळा करायला लागलो.

"आत्ता जा," ती म्हणाली. "तू नाही गेलास तर या पोटासकट मी जाते."

मी गेलो. जाताना कार्यालयातली तपासणीची पेटी घेऊन गेलो, कारण नुसत्या शब्दांवर ओतिलिया विश्वास ठेवणार नाही हे मला माहीत होतं. त्या पेटीत एक लाल औषध असतं. ते पाण्यात टाकलं की फ्लोराइड जितकं जास्त तितका तो लाल रंग फिका पडतो. तिच्या ओसरीत मी तीन काचेच्या नळ्या मांडल्या. एकीत नळाचं पाणी, एकीत दगडाचं, एकीत दुकानातल्या बाटलीतलं. औषध टाकलं. बाटलीतलं लालभडक राहिलं. बाकीच्या दोन नळ्या सारख्याच फिक्या पडल्या.

ओतिलियाने तिन्ही नळ्या उचलल्या, धुतल्या आणि माठातलं पाणी स्वतःच्या हाताने भरून माझ्यापुढे ठेवल्या. पुन्हा तेच. मग दुसऱ्या दगडाचं. पुन्हा तेच. चौथ्यांदा भरताना पाणी मेजावर सांडलं. तिने ते पुसलं आणि खुर्चीवर बसली.

"हा दगड काय करतो मग?"

"चुना काढतो," मी म्हणालो. "गाळ काढतो. पाणी गार करतो."

"दाताचं?"

"दाताचं काही नाही करत."

तिने अंगणाकडे बघितलं. नाइरा तिथे बादलीत पाय बुडवून बसली होती, दुधाचे इवलेसे दात, अजून पांढरे. "हिचे पुढचे मोठे दात," ओतिलिया म्हणाली, "ते यायला अजून दोन-तीन वर्षं आहेत."

हे सांगणं सगळ्यात कठीण होतं. मी सांगितलं की दात बाहेर येतात सहाव्या-सातव्या वर्षी, पण ते हिरडीच्या आत आधीच तयार होतात. समोरचे तर तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत जवळजवळ झालेलेच असतात. मागचे अजून वाचतील.

"म्हणजे पुढचे गेले."

"बहुतेक गेले."

"तुला हे कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात," मी म्हणालो.

ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की माझी मलाच शरम वाटली, पण परत घेतलं नाही. ती उठली. मला वाटलं रडेल, नाहीतर मला हाकलेल. तिने ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला, केस सारखे केले, नाइराला शेजारणीकडे ठेवलं आणि रस्त्याला लागली.

ती अकरा घरी गेली. ज्यांच्या ज्यांच्या पोरांच्या बाटल्या तिच्या कठड्यावर असत त्या सगळ्यांकडे. मी थोडं अंतर ठेवून मागे होतो, बोलायचं धाडस नव्हतं आणि निघून जाण्याचंही नव्हतं. प्रत्येक दारात ती तेच बोलली. "माझं पाणी पोरांना देऊ नका. दगड दाताचं काही काढत नाही. चूक माझी." कुणी म्हणालं, जाऊ दे हो दोन्या ओतिलिया, आमचे तसेच आहेत ना, मेलो का आम्ही. एका सुनेने मात्र भर रस्त्यात तिला धारेवर धरलं, आम्ही तुमच्यावर भरवसा ठेवला वगैरे. ओतिलिया हात बांधून ऐकत राहिली आणि शेवटी पुन्हा म्हणाली, चूक माझी. तो शब्द त्या संध्याकाळी मी अकरा दारांत ऐकला, आणि अकराही दारांत तो माझा होता.

गोरेती पाच आठवडे आईशी बोलली नाही. पोरीला भेटायला यायची, उंबऱ्याबाहेरूनच घेऊन जायची. ओतिलियाने स्वतःची बाजू मांडली नाही. गोरेती यायची त्या दिवशी सकाळीच ती नाइराची पिशवी भरून उंबऱ्यावर ठेवायची.

नगरपालिका आता सोमवार-गुरुवारी चांगल्या पाण्याचा टँकर पाठवायला लागली होती, पूर्वेकडच्या दुसऱ्या एका बोगद्यातलं पाणी, फ्लोराइड नगण्य. पण टँकर मोठा, आमच्या गल्ल्या अरुंद, म्हणून तो खाली चर्चच्या चौकात उभा राहायचा. तिथून वर एकशे चाळीस पायऱ्या. गाडी असलेले न्यायचे. बाकीच्यांनी पंधरा दिवस नेलं आणि दम गेल्यावर सोडून दिलं, पुन्हा नळ. ओतिलिया तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. ती जुन्या गोदामात गेली आणि केळीची खोकी हलवायची दोनचाकी ढकलगाडी मागून आणली. तिच्यावर पाच-पाच लिटरचे सहा कॅन दोरीने बांधले आणि पायऱ्या सोडून वळणावळणाच्या रस्त्याने वर ढकलत निघाली. मी समोरून येत होतो. म्हटलं, दोन्या ओतिलिया, हे काय. ती म्हणाली, "बाजूला हो, उतारावर थांबलं की हे मागे पळतं."

आठ वर्षांखालचं पोर असलेलं प्रत्येक घर तिने धरलं. ज्या सुनेने भर रस्त्यात सुनावलं होतं तिच्या दारातही कॅन. कुणाकडे नळाचं पाणी घालून पेज केलेली दिसली तर तिथेच उभं राहून आवाज चढवायची, मग काय, सगळ्या गल्लीला कळायचं. दोन वर्षांत तिच्यामागे आणखी चार बायका लागल्या. टँकरवाला तिचं ते ढकलणं बघून बघून इतका वैतागला की एके दिवशी त्याने टँकर रिव्हर्समध्ये, भिंतींना घासत निम्म्या चढापर्यंत आणून उभा केला. साहेबांनी त्याला झापलं, पण पुढच्या सोमवारी तो पुन्हा तिथेच आला.

दर फेरीला तिचा पहिला कॅन माझ्या दारात. माझी दासिल जन्माला आली, तीन महिन्यांची झाली, आणि डॉक्टरांनी पावडरच्या दुधाला परवानगी दिली त्या सोमवारपासून. "पोरीचं पाणी," एवढं म्हणून ती कॅन उंबऱ्यावर ठेवायची आणि पुढे जायची. मी घरात असलो तर बाहेर यायचो नाही. चारो जायची, तिला कॉफी द्यायची, दोघी दारात उभ्या राहून बोलायच्या. मी आतून ऐकत बसायचो आणि कॅन रिकामा झाला की स्वतः धुवायचो, तेवढंच.

आता वर टाकीजवळ पाणी शुद्ध करायची यंत्रं बसली आहेत. माझ्या वहीत हल्ली शून्य पूर्णांक नऊ असा आकडा येतो, आणि लहान मुलं सरळ नळाखाली तोंड धरतात. पण यंत्रं यायला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत जी पोरं आमच्याकडे वाढली त्यांचे दात ओतिलियाने राखले. माझी दासिल आज सोळा वर्षांची आहे, हसते तेव्हा पडजीभ दिसेल असं हसते. मी तिच्याकडे बघतो आणि माझ्या मनात पहिलं नाव त्या बाईचं येतं. उपकार हा शब्द आम्ही फारसा वापरत नाही, तो चर्चमध्ये ठीक वाटतो. पण दुसरा शब्द मला सापडत नाही. आमच्यावर तिचे उपकार आहेत, आणि ते मी इथे लिहून ठेवतो.

आता राहिलं ते सांगतो. नाइरा सात वर्षांची होत आली तेव्हा तिचे वरचे दोन दात आले. मी शाळेच्या नळाचा नमुना घ्यायला गेलो होतो, पोरं सुट्टीत खेळत होती, आणि ती धावत धावत माझ्यासमोरून गेली. दोन्ही दातांवर तपकिरी पट्टे. आईचे जसे, तसेच. बाटली माझ्या हातातून निसटली नाही वगैरे, मी ती व्यवस्थित भरली, झाकण लावलं, तारीख घातली. मग सरळ ओतिलियाकडे गेलो.

ती ओसरीत कॅन धूत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. की गेल्या आठवड्यात कळलं असं मी तेव्हा म्हणालो ते खोटं होतं. मला दोन वर्षं आधी माहीत होतं, त्या दोन वर्षांतच ते दात आत तयार होत होते, मी तेव्हाच बोललो असतो तर कदाचित आज ते पांढरे आले असते. तिने अकरा दारांत स्वतःवर घेतलेली चूक माझी होती.

ओतिलियाने कॅन पालथा घातला. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"हेच. चारोने सांगितलं होतं. तू येऊन गेलास त्याच आठवड्यात. मला कागद वाचायला दिला तिने."

मला बसावंसं वाटलं, पण बसायला कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं. तीन वर्षं या दोघी माझ्याच दारात उभ्या राहून कॉफी पीत होत्या. चारोला मी त्याबद्दल आजवर विचारलेलं नाही, विचारायला मला तोंड नाही.

"मग पहिला कॅन माझ्याकडे का टाकत होता तुम्ही?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं एखाद्या बिनडोकाकडे बघतात. "तान्ही पोर होती ती. तिने काय केलं होतं?"

मग ती कॅन बाजूला सारून उठली, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. म्हणाली की पहिलं वर्षभर तिला माझं तोंड बघवत नव्हतं, रस्त्यात दिसलो की मनात शिव्या द्यायची, एकही सोडली नाही. मग ढकलगाडी ढकलता ढकलता ते कमी झालं. "आणि मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "दात माझे आहेत का? माफी मागायचीय ना, मग तिच्याकडे माग."

नाइरा शाळेतून येईपर्यंत मी थांबलो. ती आली, दप्तर टाकलं, मला बघून आजीला विचारलं की हा पाणीवाला इथे का बसलाय. आजी आत निघून गेली, मुद्दाम. मी त्या पोरीला सगळं सांगितलं, सात वर्षांच्या मुलीला कळेल असं. की तू लहान होतीस तेव्हा तुझ्या पाण्यात एक गोष्ट होती, ती मला माहीत होती, आजीला नव्हती. आणि मी आजीला सांगितलं नाही.

"का नाही सांगितलंस?"

"घाबरलो."

"आजीला?"

"हो."

हे तिला पटलेलं दिसलं. तिने जिभेने तिचे नवे दात चाचपून बघितले. "मग हे त्याने झाले?"

"हो."

"तुझे दाखव."

मी तोंड उघडलं. ती जवळ आली, दोन बोटांनी माझा ओठ वर केला आणि डॉक्टरासारखं बघितलं, वरचे, खालचे. "तुझे जास्त घाण आहेत," ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "दासिलचे नाही होणार ना असे?"

"नाही. तुझ्या आजीमुळे नाही होणार."

"बरं," नाइरा म्हणाली. "मग सॉरी म्हण."

मी म्हणालो. ती खेळायला गेली.